पेटीत उरलेली वीज

डिसेंबरातलं धुकं आठ वाजून गेले तरी बुधवार पेठेतल्या त्या बोळातून हललं नव्हतं. समोरच्या रेडिओवाल्यानं दुकान उघडलं हे नुसत्या कुलपाच्या आवाजावरून कळलं. थंडीनं वार्निश इतकं घट्ट झालं होतं की ब्रश उचलला की काकवीसारखी तार धरायचं. मकबूल शिकलगारनं डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवला, हात चोळले आणि आदल्या दिवशी नवी तार भरलेल्या पाच हॉर्सच्या मोटारीवर ब्रश फिरवायला बसला. वार्निश लावून झालं की मोटार पत्र्याच्या ट्रंकेत जायची. ट्रंकेत दोनदोनशे वॉटचे चार दिवे. झाकण लावायचं, दिवे पेटवायचे आणि मोटारीला दिवसभर शेक द्यायचा. जळालेल्या मोटारी पुन्हा भरणारे ते वाइंडर. ज्यांना ओव्हन परवडत नाही त्या वाइंडरांची हीच भट्टी.

मकबूल तेव्हा चौपन्न वर्षांचा. साल सत्त्याण्णव. घर गंज पेठेत, दुकान बुधवारात, आणि जळालेल्या मोटारी उभ्या पुण्यातून यायच्या. गिरण्यांच्या, पाण्याच्या पंपांच्या, उसाच्या चरकांच्या. बाप कात्र्या-वस्तऱ्यांना धार लावायचा. मकबूलनं ते चाक सोडलं आणि करीम उस्तादांच्या हाताखाली तांब्याची तार धरली. उस्तादांनी तार गुंडाळायला नंतर शिकवलं, आधी भ्यायला शिकवलं.

"वायर जिवंत आहे का बघायचं तर बोटांच्या पाठीनं शिवायचं," उस्ताद सांगत. "तळव्यानं नाही. तळवा धरतो, पाठ सोडते. आणि डावा हात कुठे?"

डावा हात विजारीच्या खिशात. दोन्ही हात वायरीला लागले की वीज छातीतून जाते.

हे शिकवणं मकबूलच्या अंगात मुरलं ते मात्र बजरंगमुळे. बजरंग त्याच्याच बरोबरीचा, हसरा, घाईचा. कात्रजकडच्या एका विहिरीवर पंपाची मोटार जोडताना तो विजेला चिकटला. मकबूल चार पावलांवर होता. मेन स्विच कुठे आहे हे त्यानं आधी बघून ठेवलं नव्हतं. सापडेपर्यंत बजरंगची टाच जमिनीवर तीन वेळा आपटली आणि थांबली. त्या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली होती. पण कुठे काही धप्पकन पडलं की मकबूल अजून पुढचे दोन आवाज ऐकायला थांबायचा.

म्हणून तो लोकांना भित्रा वाटायचा. त्याची बायको अख्तरबानू नातेवाइकांत सांगायची, "घरातला बल्ब बदलायचा तर हे चपला घालून स्टुलावर चढतात, मेन पाडतात, आणि वर मला मेनपाशी राखणीला उभं करतात. चोर येईल आणि मेन चालू करून जाईल म्हणून."

असा हा माणूस एका पेटीवर भाळला.

पेटी आणली अनंतनं. कुठल्याशा कंपनीचा एजंट, गळ्यात टाय, बोलणं लोण्यासारखं. बदामी रंगाचा पत्र्याचा डबा, दर्शनी बाजूला हिरवा दिवा, त्याखाली इंग्रजीत पॉवर कंडिशनर. मोटारीला लावला की वीज शुद्ध होते, गळती थांबते, बिल पाव हिश्श्यानं उतरतं, असं तो म्हणाला. मकबूल हसला. असे डबे घेऊन फिरणारे त्यानं पाहिले होते. पण अनंतनं वाद घातला नाही. "तुमचाच टाँगटेस्टर काढा," म्हणाला.

टाँगटेस्टर म्हणजे कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखं यंत्र. वायरीभोवती धरलं की तिच्यातून किती अँपिअर करंट जातोय ते काटा सांगतो. वाइंडर मोटारीची नाडी बघतो ती ह्याच काट्यावर. अँपिअर चढले की मोटार आजारी, उतरले की बरी. मकबूलनं बाकावरची मोटार चालू केली, चिमटा लावला. काटा सातावर. अनंतनं पेटी जोडली. काटा पाचाच्या खाली आला.

तीस वर्षांत त्या काट्यानं मकबूलला एकदाही फसवलं नव्हतं. मोटार तीच, वेग तोच, आणि अँपिअर कमी. करंट कमी म्हणजे वीज कमी, वीज कमी म्हणजे बिल कमी. वाइंडरच्या डोक्यात ह्यापेक्षा वेगळं येणंच कठीण. अनंत दोन पेट्या ठेवून गेला. एक नमुना म्हणून दुकानात, आणि एक मकबूल सांगेल त्या गिऱ्हाइकासाठी.

ती दुसरी मकबूलनं कर्वेनगरात श्यामलाबाई फाटकांकडे नेली. श्यामलाबाई शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. नवऱ्यामागे त्याची पिठाची गिरणी त्यांनी बंद पडू दिली नव्हती. गिरणी खाली, त्या वर राहायच्या. त्यांनी पेटीकडे चष्म्यावरून पाहिलं.

"हे कोण म्हणतं, बिल उतरतं म्हणून?"

"कंपनीचा माणूस. टायवाला."

"त्याचं मला सांगू नका. तुम्ही काय म्हणता?"

"अँपिअर उतरतात, बाई. माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"तुमच्या स्वतःच्या मोटारीला लावाल?"

"लावीन."

"मग लावा."

मकबूलनं पेटी मोटारीच्याच टोकांना जोडली. गिरणीच्या दहा हॉर्सच्या मोटारीचा काटा चौदावरून दहावर आला. गिरणी चालवणारा गेनबा तोंडात तंबाखू धरून बघत होता. तो म्हणाला, "मिस्तरी, ह्ये बेस हाय. खुराक कमी आन् काम तेवढंच. आमच्या मालकीणबाईला असाच गडी पायजे हुता."

तीन महिने गेले. बिलं आली. एक पहिल्यापेक्षा थोडं जास्त, एक थोडं कमी, तिसरं जवळपास तेवढंच. बुधवारी मकबूल गिरणीवर गेला तेव्हा श्यामलाबाईंनी तिन्ही बिलं पोळपाटाखाली दाबून ठेवलेली काढली.

"मकबूलभाई, तुमची पेटी अँपिअर कमी करते हे मला मान्य आहे. फक्त ते मीटरला कोणी कळवलेलं दिसत नाही."

मकबूलच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. शब्द त्यानं दिला होता. तो म्हणाला, "आजच बघून टाकू. तुमच्यासमोर."

बघायचं कसं हे गेनबानं सुचवलं. गहू वीस किलो मोजायचे, पीठ जाड-बारीक करायची दगडाची चावी हलवायची नाही, आणि दळण होईपर्यंत मीटरातली चकती किती वेळा फिरते ते मोजायचं. चकतीवर तांबडी खूण असतेच. मात्र पेटी लावून-काढून बघायची तर दर खेपेला मोटारीचं झाकण खोलणं आलं. म्हणून मकबूलनं पेटीच्या तारा मोटारीवरून सोडवल्या आणि अलीकडे, मेनमधून स्टार्टरला वीज येते तिथं बांधल्या. स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की मोटार चालू होते. त्याच्या अलीकडे पेटी असली की मोटारीला हात न लावता तिच्या तीन तारा एकेक करून जोडता येत होत्या, सोडता येत होत्या.

पेटी लावून वीस किलो. श्यामलाबाईंनी शाळेतल्यासारखं मोठ्यानं मोजलं. एकसष्ट फेरे.

पेटी सोडून वीस किलो. एकसष्ट फेरे, आणि तांबडी खूण थोडीशी पुढे.

काटा मात्र पहिल्या खेपेला दहा आणि दुसऱ्या खेपेला चौदा दाखवत होता.

"म्हणजे?" श्यामलाबाई म्हणाल्या.

मकबूल त्या चकतीकडे बघतच राहिला. मग हळूहळू बोलत गेला. बोलता बोलताच त्याला उमगत होतं. मोटारीला जी वीज लागते त्यातली काही कामाला लागते, दगड फिरवते. काही नुसती येते आणि परत जाते. मोटारीतल्या लोखंडात चुंबक उठवायचा आणि सोडायचा, एवढंच तिचं काम. काटा दोन्ही मोजतो. मीटर फक्त कामाची मोजतं. पेटीत दुसरं काही नाही, कंडेन्सर आहेत. ते त्या येणाऱ्या-जाणाऱ्या विजेला जवळच ठेवून घेतात, लांब जाऊ देत नाहीत. वायरी थोड्या थंड राहतात इतकंच. मोठ्या कारखान्यांना ह्या येरझारेचा दंड बसतो, तिथं कंडेन्सर उपयोगी पडतात. गिरणीला तो दंडच नाही.

"आलं लक्षात," श्यामलाबाई म्हणाल्या. "दळणाबरोबर गप्पा मारायला चार बायका येतात. त्यांना तुम्ही बाहेर बसवलंत. दळण तेवढंच."

"तसंच, बाई."

"आणि हे तुम्हाला तीन महिन्यांपूर्वी माहीत नव्हतं."

"नव्हतं."

मकबूल पेटी काढायला लागला तेव्हा त्यांनीच थांबवलं. शनिवारी त्या टायवाल्याला घेऊन या, त्याच्यासमोर पुन्हा मोजू, तोवर जिथं आहे तिथं राहू द्या, असं म्हणाल्या. मकबूलनं पेटीच्या तारा परत स्टार्टरच्या अलीकडे घट्ट आवळल्या आणि घरी गेला. जाता जाता दुकानात थांबून त्यानं नमुन्याची पेटीही नुसतीच बोर्डाला लावून पाहिली, स्वतः ती किती अँपिअर खाते ते. मग बटण बंद केलं, एकेक करून तारा सोडवल्या, पेटी बाकावर ठेवून दिली.

हे सगळं कालचं, बुधवारचं.

आता वार्निशची मोटार ट्रंकेत गेली होती, दिवे लागले होते. अख्तरबानू घरून गुंडाळलेल्या कॉइली डोक्यावरच्या पाटीतून घेऊन आली होती. लाकडी फर्म्यावर तार गुंडाळण्यात तिचा हात मकबूलपेक्षा सफाईचा होता. ती खाली बसून कॉइलींना दोरे बांधत होती. मकबूलनं नमुन्याची पेटी पुढ्यात ओढली. रात्रभर बाकावर पडलेली, कशालाच न जोडलेली पेटी. चार स्क्रू काढले, झाकण उचललं. आत डांबरात रुतवलेले तीन कंडेन्सर आणि उरलेल्या जागेत वाळू. वजन वाटावं म्हणून वाळू.

"घ्या," तो म्हणाला, "वीज शुद्ध करायचं यंत्र. रेती घातलीय."

त्यानं एका कंडेन्सरची वायर बाजूला सारायला दोन बोटं घातली. ती दोन्ही टोकांना एकदम लागली.

स्टूल मागे पडलं. मकबूल भिंतीला जाऊन धडकला आणि तिथून खाली बसला. खांद्यापर्यंत हात त्याचा नव्हताच. तोंडात तांब्याची चव आली होती.

"अहो." अख्तरबानू उठली, त्याच्या जवळ येऊन थांबली. हात लावायचा नाही हे तिलाही शिकवलेलं होतं. "सुटलात का? बोला काहीतरी."

"सुटलो," तो म्हणाला. "लाईट नव्हती तिला. काल संध्याकाळी काढलीय मी."

"मग कुठून आली?"

"आतच होती. रात्रभर."

तो पेटीकडे बघत होता. चांगल्या कंडेन्सरच्या टोकांवर बारीकसा रोधक बसवतात. वीज बंद झाली की साठलेलं त्याच्यातून मिनिटभरात निचरून जातं. इथं तो नव्हताच. दोन पैसे वाचवले होते आणि वाळू भरली होती.

अख्तरबानूनं स्टूल उभं केलं. जगात काहीच झालं नाही असं दाखवायचं तर ती नेहमी कामाचं बोलायची. "ट्रंकेतली मोटार आज अर्धीच शेकणार," ती म्हणाली. "आज गुरुवार ना? नऊ वाजता लाईट जाईल."

मकबूलनं तिच्याकडे पाहिलं.

गुरुवार. गुरुवारी लाईनच्या दुरुस्तीला वीज बंद. गुरुवारी पुण्यातल्या गिरण्या बंद. गुरुवारी गिरणीवाले बोथट दगडाला छिन्नीनं टाकी लावतात, पट्टे बघतात, आणि गेनबा स्टार्टर पुसतो. स्टार्टरच्या आत पिठाचा थर बसतो, तो करपतो आणि संपर्क बिघडतात, म्हणून दर गुरुवारी झाकण काढून रॉकेलच्या फडक्यानं पुसायचं. हे मकबूलनंच त्याला शिकवलं होतं. आणि त्याच्या आधी काय करायचं तेही. नऊच्या आधीच, लाईट असतानाच, मेनचा दांडा खाली ओढायचा. म्हणजे दुपारी वीज अचानक आली तरी तुझा हात आत असताना काही होणार नाही. मेन पाडला की निर्धास्त. गेनबा हे नमाजासारखं पाळतो असं मकबूल लोकांना कौतुकानं सांगायचा.

तीन महिने पेटी मोटारीच्या टोकांना होती. मोटार थांबली की पेटीत साठलेलं मोटारीच्याच तारांतून निचरून जायचं. काल मकबूलनं ती अलीकडे आणली. मोटार बंद असली की तिथून मोटारीकडे वाट नाही. मेन पाडला की मागेही वाट नाही. गेनबा जितकं नीट वागेल तितकं ते सगळं पेटीत कोंडून राहणार. आणि पेटीच्या तारा जिथं आवळल्यात, तिथंच तो फडकं फिरवणार.

"काय झालं?" अख्तरबानूनं विचारलं. "रंग का गेला तुमचा?"

"किती वाजले?"

"पावणेनऊ असतील."

तो बोळाच्या तोंडाशी असलेल्या टेलिफोनच्या बूथवर गेला. श्यामलाबाईंच्या घरची घंटा वाजत राहिली. दहा वेळा, पंधरा वेळा. गुरुवारी त्या दत्ताच्या देवळात जातात हे त्याला आठवलं. पुन्हा फिरवला. पुन्हा वाजत राहिली. बूथवालीनं विचारलं, "उचलत नाहीत का?" मकबूलनं रिसीव्हर ठेवला तो हुकावर नीट बसलासुद्धा नाही.

लुना चौथ्या पॅडलला सुरू झाली. उजवा हात अजून बधिर होता, अॅक्सिलरेटर पिळला की किती पिळला ते कळत नव्हतं. अख्तरबानू मागून धावत आली, टेस्टच्या दिव्यांची जोडी त्याच्या पिशवीत कोंबली आणि एवढंच म्हणाली, "सावकाश जा, पण थांबू नका."

टिळक रोडला सिग्नल विझलेला होता. म्हणजे नऊ वाजले. म्हणजे गेनबाचा मेन पाडून झाला. मकबूल मनातल्या मनात गेनबाच्या मागे मागे गिरणीत फिरायला लागला. शटर वर केलं. देवाला अगरबत्ती लावली. मेन पाडला. आता? आधी दगड उतरवतो की आधी स्टार्टर पुसतो? दगड आधी असेल तर टाकी लावायला तास जातो. तास खूप आहे, तासात मकबूल दोनदा जाऊन येईल. इतके गुरुवार तो त्या गिरणीत बसला होता, चहा प्यायला होता, आणि आता त्याला काही केल्या आठवेना. म्हात्रे पुलावर नदीचं धुकं अंगावर आलं, समोरच्या सायकलवाल्याची पाठ दिसेनाशी झाली. मकबूलनं वेग कमी केला नाही. आणि तिथंच, पुलाच्या मधोमध, त्याला गेनबाचा आवाज आठवला. कधीतरी हसून सांगितलेलं. "आदी पीठ पुसायचं, मंग दगडाला टाकी. न्हायतर दगडाची कच पिठात बसती अन् स्टार्टर खातो."

आधी स्टार्टर.

गेनबाला दोन मुली, एकीचं लग्न ठरलेलं. अंगठ्याएवढा माणूस, पण पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेताना कण्हत नाही. मकबूलला त्याच्या टाचा दिसायला लागल्या. भेगाळलेल्या, पिठानं पांढऱ्या झालेल्या. त्यानं मान हलवली, रस्त्याकडे बघितलं, पुन्हा टाचाच दिसल्या. कर्वे रोडला एका रिक्षावाल्यानं ओरडून विचारलं, "चाचा, घरी सांगून निघालात का?" मकबूलला ते ऐकू आलं ते पुढच्या चौकात.

गिरणीच्या गल्लीत वळायच्या आधीच त्याला टाकीचा आवाज आला. ठक, ठक, ठक. छिन्नी दगडावर. मकबूलचे खांदे एकदम खाली आले, डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे स्टार्टर झाला पुसून, काही झालं नाही, गेनबा दगडावर बसलाय. त्यानं लुना वळवली. आवाज डावीकडून येत होता. गिरणी उजवीकडे होती. डावीकडे नवी सोसायटी बांधत होते आणि एक गवंडी फरशीचे कोपरे तासत होता.

गिरणी गप्प होती.

शटर अर्धं खाली ओढलेलं. बाहेर गेनबाच्या चपला, एकीवर एक. मकबूल वाकून आत गेला. बाहेरच्या उजेडातून आलेल्या डोळ्यांना काही दिसेना.

"गेनबा."

पिठाचा गार वास होता. मग भिंत दिसली, मेनचा खाली पाडलेला दांडा दिसला, आणि त्याच्या शेजारी उघडा स्टार्टर. झाकण काढून खाली ठेवलेलं. त्याच्यासमोर जमिनीवर फडकं पडलेलं होतं. नुसतं फडकं.

"गेनबा," मकबूल पुन्हा म्हणाला. तो दगडाच्या मागे बघायला निघाला. मागे, पोत्यांच्या आणि भिंतीच्या मधे, एक माणूस आडवा मावेल एवढी जागा होती. तिथं जायला सात पावलं लागली. जागा रिकामी होती.

"कोन हाय?"

मागच्या दारातून गेनबा आला. हातात रॉकेलचा टिनपाट डबा. "मिस्तरी? आज सकाळच्याला? बसा की. चा सांगतो." बोलत बोलतच त्यानं वाकून फडकं उचललं, डब्यात बुडवलं, पिळलं, आणि सवयीनं न बघता हात स्टार्टरकडे नेला.

मकबूलला ओरडायलाही वेळ नव्हता. तो पुढे झेपावला आणि त्यानं गेनबाला कमरेत धरून मागे ओढलं. दोघं पिठाच्या पोत्यावर पडले. डबा लवंडला. रॉकेल फरशीवर पसरत गेलं.

"डोस्कं फिरलं का काय तुमचं?" गेनबा उठून बसत म्हणाला. "मेन पाडलाय म्या. लाईटबी न्हाय. बघा की दांडा."

मकबूलनं पिशवीतून टेस्टचे दिवे काढले. दोन दिवे एकापुढे एक जोडलेले, दोन लांब वायरी. त्यानं आधी रॉकेल पोत्यानं टिपून घेतलं, ओलं पोतं दाराबाहेर टाकलं. शटर पूर्ण वर केलं. मग डावा हात खिशात घातला आणि वायरींची टोकं काठीला बांधून, लांबून, स्टार्टरच्या अलीकडच्या दोन टोकांना लावली.

दोन्ही दिवे एकदम लखकन पेटले आणि विझले.

गिरणीत लाईट नव्हती. गल्लीत नव्हती. मेनचा दांडा खाली होता. गेनबा त्या विझलेल्या दिव्यांकडे बघत राहिला. मकबूलनं पहिल्या टोकाबरोबर तिसरं घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा पेटले, मघापेक्षा मंद. मग दुसरं आणि तिसरं. नुसती तांबडी काडी लाजल्यासारखी दिसली. पुन्हा लावलं तेव्हा काहीच झालं नाही. तरी त्यानं एकेक जोडी तीन-तीनदा लावून बघितली.

"ह्ये कशातनं आलं?" गेनबानं विचारलं.

"पेटीतनं. काल मी तिला हिकडं बांधली ना. इथनं वीज जायला जागा नाही. तू मेन पाडलास तरी तिच्यात उरते."

गेनबा उकिडवा बसला. तंबाखूची चंची काढली, उघडली नाही. "म्या एक पुसला व्हता," तो म्हणाला. "पयला. त्यो डावीकडचा. मंग फडकं वाळलं म्हून रॉकेल आणाय गेलो."

"एकाला काही होत नाही. दोन टोकांना एकदम हात लागावा लागतो."

"दोन बोटं फिरवितो म्या. तुमीच दाखवलंय तसं."

"हो," मकबूल म्हणाला.

गवंड्याची छिन्नी चालू होती. मकबूल पोत्यावर बसला, गेनबा त्याच्या शेजारी.

श्यामलाबाई देवळातून आल्या. हातात प्रसादाची वाटी, पायऱ्यांशी ओलं पोतं, रॉकेलचा वास, आणि पोत्यावर बसलेली दोन माणसं. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"काय सांडलंय?"

मकबूल उभा राहिला. त्यानं काही झाकलं नाही. सकाळी दुकानात बसलेला झटका, काल आपण बदललेली जागा, गेनबाचं फडकं, आत्ता पेटलेले दिवे, सगळं ओळीनं सांगितलं. "पेटीनं वाचवलं काहीच नाही," तो म्हणाला, "ते काल तुम्हीच मोजलंत. आणि आज तिनं माणूस नेला असता. पेटीनं नाही, मी. मी जागा बदलली आणि आत काय आहे ते न बघता निघून गेलो."

श्यामलाबाईंनी गेनबाकडे पाहिलं. "तुला कुठे लागलंय?"

"न्हाय. मिस्तरींनी पाडलं तेवढंच. कंबर जरा."

त्या पायरीवर बसल्या. चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. "मी म्हणाले होते, राहू द्या म्हणून," त्या म्हणाल्या. "तुम्ही काढत होतात."

"तुम्हाला काय माहीत, बाई. मला माहीत असायला हवं होतं. तीस वर्षं तेच काम करतो."

"तुम्ही काट्याकडे बघत होतात."

"हो."

"मीसुद्धा बिलाकडेच बघत होते." मग आवाज थोडा नेहमीसारखा झाला. "शनिवारी त्या टायवाल्याला आणा. पेटी त्याच्या मांडीवर ठेवू आणि विचारू, शुद्ध झाली का वीज. गेनबा, आज काम राहू दे."

"राहून कसं चालंल? उद्या दळणं यायची की. दगड बोथट झालाय." गेनबा उठला, स्टार्टरकडे गेला नाही. त्याला वळसा घालून, भिंतीपासून हातभर लांबून, दगडाकडे गेला. टाकी हातात घेतली, दोन ठोके मारले, आणि मागे वळून बघितलं. "मिस्तरी. आता त्यात काय न्हाय ना?"

"नाही."

"पक्कं?"

मकबूलनं दिवे पुन्हा लावून दाखवले. काही पेटलं नाही. मग त्यानं पेटीच्या तिन्ही तारा सोडवल्या, तिची टोकं एकमेकांना पिळून बांधली, पेटी बाहेर पायरीवर नेऊन ठेवली आणि परत आला. गेनबाच्या छिन्नीला अजून लय सापडली नव्हती. दोन ठोके, थांबणं, एक ठोका.

डब्याच्या तळाशी थोडं रॉकेल उरलं होतं. मकबूलनं फडकं त्यात बुडवलं, पिळलं, बोटांच्या पाठीनं आधी एकेक टोक शिवून बघितलं, आणि स्टार्टर पुसायला लागला. मधल्या संपर्कावर करपलेल्या पिठाची काळी खपली बसली होती. ती निघेना तेव्हा त्यानं खिशातून पॉलिशपेपरचा तुकडा काढला, त्याची दोन बोटांवर घडी घातली आणि वरून खाली, वरून खाली घासत राहिला.